कॉलनीतला ओपन स्पेस नेमका कोणाचा?

कडुनिंब (सोमवार, रात्री ९.१०)

नमस्कार. नाशकात पाथर्डी फाट्याच्या अलीकडे आमची ८४ घरांची कॉलनी आहे आणि तिच्या मधोमध बारा-तेरा गुंठ्यांचा ओपन स्पेस आहे. तिथे कडुनिंब, करंज, बहावा अशी २६ झाडे होती. शिवाय तीन बाक आणि ग्रीन जिमची पाच यंत्रे आहेत, त्यांपैकी दोन अजून फिरतात.

या झाडांना अकरा वर्षे आमच्या गल्लीतले एक निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळेच काका म्हणतात, रोज पहाटे पाणी घालत असत. होळीच्या सुमारास ते पायरीवरून घसरले, खुब्याचे ऑपरेशन झाले आणि ते मुलीकडे राहायला गेले. त्यांचे घर बंद झाले त्याच आठवड्यात ओपन स्पेसमधला नळही कोरडा पडला, आणि तो नळ त्यांच्या गच्चीवरच्या टाकीला जोडलेला होता हे आम्हाला तेव्हा कळले. पाणीपट्टी आणि मोटारीचे वीजबिल ते स्वतःच भरत होते. पाणी कुठून येते हे अकरा वर्षांत कोणी विचारले नव्हते, आणि त्या न विचारणाऱ्यांत मीही होते.

उन्हाळ्यात चार झाडे वाळली. पावसाळा लागला तसे गाजरगवत कमरेपर्यंत वाढले. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कोणीतरी लक्ष घालावे’ अशा अर्थाचे ४७ संदेश आले, मी मोजले आहेत. त्यानंतर संबंधित खात्याकडे ऑनलाइन तक्रार केली. नवव्या दिवशी ती ‘निकाली’ निघाल्याचा संदेश आला, गवत मात्र जागच्या जागी होते.

माझा प्रश्न असा आहे की ही जागा महापालिकेची असेल, तर काकांनी अकरा वर्षे पदरमोड करून ती का सांभाळावी? आणि ती आपली असेल, तर आपण तक्रार नेमकी कोणाविरुद्ध करत आहोत?

घरपट्टीधारक (सोमवार, रात्री ९.४२)

यात संभ्रम कसला? आपण घरपट्टी भरतो आणि त्या बिलात वृक्ष उपकर अशी वेगळी ओळ असते. झाडांसाठी पैसे घ्यायचे आणि पाणी मात्र काकांनी घालायचे, हा कुठला न्याय? नागरिकांनी स्वतः कामे करायला सुरुवात केली की यंत्रणा ती कामे कायमची विसरून जाते, असा माझा अनुभव आहे. काकांविषयी पूर्ण आदर राखून म्हणतो, पण त्यांच्या चांगुलपणामुळेच तुमच्या कॉलनीची सवय बिघडली.

दुतोंड्या (सोमवार, रात्री १०.०५)

माझ्या नावाला जागून मला दोन्ही बाजूंना पाहावे लागते. एका तोंडाने घरपट्टीधारक यांच्याशी सहमत आहे. दुसऱ्या तोंडाने विचारतो की ४७ संदेश टाइप करायला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळात किती गवत उपटून झाले असते?

नकाशावाचक (मंगळवार, सकाळी ७.२०)

माझी नोकरी ले-आउटचे, म्हणजे जमिनीचे भूखंड पाडण्याच्या आराखड्यांचे, नकाशे तपासण्यात गेली, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

शेतजमिनीचा ले-आउट मंजूर होताना मूळ मालकाला ठरावीक जागा मोकळी सोडावी लागते. २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीसाठी हे प्रमाण किमान १० टक्के आहे, आणि जुन्या ले-आउटांतही तुम्हाला साधारण तेवढीच जागा सोडलेली दिसेल. ही जागा मालकाला विकता येत नाही. तिच्यावर सर्व भूखंडधारकांचा मिळून अविभक्त हक्क असतो, म्हणजे अमुक कोपरा अमक्याचा असे म्हणता येत नाही. सातबारावर मात्र बहुतेक वेळा जुन्या मालकाचेच नाव राहून जाते, आणि पुढच्या पिढीतल्या भांडणांचे मूळ तिथे असते. ‘ॲमिनिटी स्पेस’ हा वेगळा प्रकार आहे. ती जागा सार्वजनिक सोयींसाठी महापालिकेच्या ताब्यात जाते. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि ओपन स्पेसविषयीचा अर्ज घेऊन भलत्याच टेबलासमोर उभे राहतात.

दुसरी गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ मध्ये महापालिकेच्या कामांचे दोन भाग केलेले आहेत. कलम ६३ मध्ये बंधनकारक कामे आहेत, उदाहरणार्थ रस्त्यांवरचे दिवे, साफसफाई आणि सांडपाण्याचा निचरा. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामे आहेत आणि उद्याने, खेळाची मैदाने त्यात येतात. पथदिवा बंद असेल तर तुम्ही हक्काने भांडू शकता. बागेच्या बाबतीत तुम्हाला निधी, प्राधान्य आणि पाठपुरावा या मार्गाने जावे लागते. हे मला योग्य वाटते असे नाही, मी केवळ रचना सांगत आहे.

जाता जाता एक सूचना. वाळलेली चार झाडे परस्पर तोडू नका. १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा शहरी भागात लागू आहे, त्यामुळे आधी वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

घरपट्टीधारक (मंगळवार, सकाळी ८.०१)

नकाशावाचक साहेब, माहितीबद्दल आभार, पण यामुळे माझा मुद्दा अधिक पक्का होतो. बाग ऐच्छिक असेल, तर तिच्या उद्घाटनाचा फलक एवढा मोठा कसा असतो? आमच्याकडे ग्रीन जिमची यंत्रे गंजून गेली, फलक मात्र अजून चकचकीत आहे.

शेवंती (मंगळवार, दुपारी १.१५)

मालकीचा निकाल लागेपर्यंत गवत थांबणार नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते.

गाजरगवत फुलावर आले की एकेका रोपातून हजारो बिया पडतात, आणि त्या जमिनीत काही वर्षे टिकून राहतात. नुसते कापले तर ते बुंध्यापासून पुन्हा फुटते. म्हणून पाऊस पडून जमीन भिजलेली असताना आणि फुले येण्यापूर्वी ते मुळासकट उपटणे हाच खात्रीचा उपाय आहे. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा आवश्यक आहे, कारण त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते आणि परागकणांमुळे अनेकांना दम्यासारखा त्रास होतो. ज्यांना आधीपासून दमा आहे त्यांनी या कामात पडूच नये. मोकळ्या झालेल्या जागेत टाकळा वाढू द्यावा, कारण तो गाजरगवताला वर येऊ देत नाही. फुलावर आलेली रोपे कोणत्याही परिस्थितीत खतखड्ड्यात टाकू नयेत.

आपल्याकडे याला काँग्रेस गवत म्हणतात आणि त्यावरून प्रत्येक सभेत एकदा तरी विनोद होतो. तो इथे होऊन गेला असे समजावे.

दुतोंड्या (मंगळवार, दुपारी १.२२)

शेवंतीताई, माझा तयार विनोद तुम्ही फुलावर येण्यापूर्वीच मुळासकट उपटलात.

तिवंधा_चौक (मंगळवार, रात्री ९.३०)

मी जुन्या नाशकातला. आमच्याकडे ओपन स्पेस नाही, वाड्याच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा मिळाली तरी पुष्कळ. पण मालकी आणि निगा यांचा संबंध लोक समजतात तेवढा घट्ट नसतो, हे मला रहाडीवरून सांगता येईल.

जे बाहेरगावचे आहेत त्यांच्यासाठी लिहितो. नाशकात खरा रंग धुळवडीला नसतो, तो रंगपंचमीला असतो. तिवंधा, दिल्ली दरवाजा, शनी चौक अशा काही ठिकाणी पेशवेकाळापासूनच्या दगडी हौदासारख्या रहाडी आहेत. रहाड भर रस्त्यात असते, पण वर्षभर ती कोणाला दिसत नाही, कारण तिच्यावर लाकडाचे ओंडके टाकून माती पसरलेली असते आणि त्यावरून वाहने जातात. रंगपंचमीच्या आधी काही दिवस ती उघडायची, गाळ काढायचा, आतून स्वच्छ धुवायची, रंग उकळून तयार करायचा, पूजा करायची आणि मग त्यात उड्या मारायच्या. सण झाला की पुन्हा सगळे झाकून रस्ता पहिल्यासारखा करून द्यायचा. रस्ता सरकारी आहे आणि रहाडीचा सातबारा कोणाकडे आहे हे मी आजवर कोणाला विचारताना ऐकले नाही. तरीही गाळ काढायला माणसे कमी पडली असे आमच्या चौकात माझ्या आठवणीत झालेले नाही. पूजेचा मान कोणाचा, ओंडके कोणी काढायचे, पाणी कोणी भरायचे, हे ठरलेले असते आणि लहान मुलांनाही ते पाठ असते.

तुमच्या कॉलनीत जमीन सर्वांची आणि काम एकट्या काकांचे होते. आमच्याकडे जमीन कोणाची ते माहीत नाही, पण काम कोणाचे ते माहीत आहे.

सिडको_चौथी_योजना (मंगळवार, रात्री ११.०४)

तिवंधा_चौक यांचा प्रतिसाद आवडला, पण रहाडीत वर्षातून एकदा उडी मारायची असते आणि झाडाला रोज पाणी लागते. सणाचा उत्साह रोजच्या कंटाळवाण्या कामाला पुरत नाही.

मला याच धाग्यात एक वेगळी गोष्ट मांडायची आहे. आमच्याकडे घरे एकमेकांना लागून आहेत आणि मुलांना खेळायला मोकळी जागा नाही. मुले चालत दहा मिनिटांवरच्या एका कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये जातात. तिथे गेल्या वर्षी फाटक बसवून ‘फक्त रहिवाशांसाठी’ अशी पाटी लावली. माझ्या मुलाला तिथून दोनदा हाकलले. त्याच कॉलनीने रस्त्यावरचे दिवे, कचरा आणि कुत्रे यांविषयी निवेदन काढले, तेव्हा जास्त सह्या हव्यात म्हणून आमच्याकडे आली होती. म्हणजे सहीपुरते आम्ही नागरिक आणि चेंडू फेकायचा असेल तर परके. ‘ही जागा आपली आहे’ या वाक्यातील ‘आपली’ या शब्दाचा घेर किती धरायचा, हेही एकदा ठरवावे.

पूर्वाध्यक्ष (बुधवार, सकाळी ६.५०)

सिडकोवाल्यांचा प्रश्न बोचणारा आहे आणि ज्या समितीचा मी सहा वर्षे अध्यक्ष होतो तिने नेमकी अशीच पाटी लावली होती, म्हणून उत्तर देणे मला भाग आहे. आम्ही ती मुलांसाठी लावली नव्हती. रात्री बाहेरची माणसे येऊन बाटल्या फोडून जात आणि सकाळी लहान मुलांच्या पायात काचा घुसत. पण पाटी एकदा लागली की ती रात्रीच्या दारुड्याला वाचता येत नाही आणि सकाळच्या मुलाला बरोबर वाचता येते. पुढे आम्ही पाटी काढली आणि रात्री दहानंतर फाटकाला कुलूप लावायचे ठरवले. त्याने काचा पूर्ण थांबल्या नाहीत, पण कमी झाल्या.

आता वर्गणीविषयी. वर्गणी न देणारे लोक वाईट असतात असे मला आधी वाटे. सहा वर्षांनंतर माझे मत बदलले. आमच्याकडे दरमहा १०० रुपये ठरले होते आणि निम्मे लोक देत नव्हते. एका वर्षी मी हिशेबाचा कागद दर महिन्याच्या पाच तारखेला ओपन स्पेसच्या फाटकावर चिकटवायला सुरुवात केली. माळ्याला किती दिले, पाइप कितीला आणला, शिल्लक किती, एवढेच त्यात असे. थकबाकीदारांची नावे मी मुद्दाम लिहिली नाहीत. चार-पाच महिन्यांत बरेच लोक आपणहून पैसे देऊ लागले. एका गृहस्थांनी तर पाइप जास्त किमतीला आणल्याबद्दल माझ्याशी भर रस्त्यात भांडण केले आणि दुसऱ्या दिवशी वर्षाची वर्गणी आणून दिली. ज्याला हिशेब तपासावासा वाटतो, त्याला ती गोष्ट आपली वाटू लागलेली असते, असे मी समजतो.

घरपट्टीधारक (बुधवार, सकाळी ९.१५)

पूर्वाध्यक्ष, आपण प्रामाणिक होता म्हणून हे जमले. प्रत्येक कॉलनीला असा अध्यक्ष मिळतोच असे नाही. म्हणूनच व्यवस्था लागते, व्यक्ती नव्हे. आणि व्यवस्थेची अवस्था अशी की मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षे शहराला नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. त्याआधी २०१७ च्या रचनेत एका प्रभागाला बहुधा चार नगरसेवक होते, तेव्हा आम्ही पहिल्याकडे गेलो की तो दुसऱ्याचे नाव सांगे आणि चौथा पुन्हा पहिल्याचे.

दुतोंड्या (बुधवार, सकाळी ९.३१)

दोन तोंडांनी माझी एवढी तारांबळ होते, चार तोंडांच्या प्रभागाची कल्पनाच करवत नाही.

भाडेकरू (बुधवार, दुपारी ४.४०)

मी सातपूरच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो आणि कडुनिंब ताईंच्या कॉलनीसारख्याच एका कॉलनीत सहा वर्षे भाड्याने राहतो. इथे सर्व चर्चा भूखंडधारक, घरपट्टी आणि अविभक्त हक्क यांवर चालली आहे, म्हणून लिहावेसे वाटले. आमच्या कॉलनीच्या ग्रुपमध्ये भाडेकरूंना घेत नाहीत. वर्गणी मात्र घरमालक भाड्यात धरतो. माझी मुलगी त्या ओपन स्पेसमध्ये चालायला शिकली. गेल्या वर्षी मी तिथल्या एका वाकलेल्या रोपाला काठी बांधली, तर एका आजोबांनी ‘तुम्ही कोणाकडे राहता?’ असे विचारले. त्यांचा हेतू वाईट नसेल, पण त्यानंतर मी तिथे काही करायला गेलो नाही.

कागदावर मालक असलेले काही जण परदेशात आहेत आणि त्यांची घरे बंद आहेत. रोज तिथे वावरणाऱ्यांपैकी निम्मे आम्ही आहोत. आम्हाला कोणी काम सांगितले, तर बहुतेक जण करतील.

शेवंती (बुधवार, संध्याकाळी ६.०५)

भाडेकरू यांचा प्रतिसाद वाचून मला स्वतःची लाज वाटली, कारण आमचा ग्रुपही असाच आहे. आज नावे घातली.

गवताइतकाच तातडीचा एक विषय राहिला होता. मोकळ्या जागेत पडलेल्या करवंट्या, फुटक्या कुंड्या आणि टायर यांत पावसाचे स्वच्छ पाणी साचते, आणि डेंग्यू पसरवणारा डास तशाच पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा हे सगळे पालथे करायलाच हवे. तो डास बहुधा दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही. त्यामुळे आपल्या घरातल्या रुग्णाचा डास बहुतेक वेळा आपल्याच गल्लीत जन्मलेला असतो.

गंगाघाट (बुधवार, रात्री १०.१०)

आमच्या भागातल्या ओपन स्पेसमध्ये तर मंदिरच बांधले गेले आहे आणि आता त्यालाच सभामंडप जोडण्याचे चालले आहे. त्यावर बोलायचे की नाही?

मंच संचालक (बुधवार, रात्री १०.२५)

बोलावे, परंतु जागेपुरते. सार्वजनिक जागेत नवे अनधिकृत धार्मिक बांधकाम होऊ देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश सप्टेंबर २००९ पासून आहे आणि तो सर्व धर्मांना सारखाच लागू आहे. यापुढचा वाद वेगळ्या धाग्यावर न्यावा, अन्यथा मूळ प्रश्न विचारणाऱ्या ताईंचे गवत दोन फूट आणखी वाढेल.

नकाशावाचक (गुरुवार, सकाळी ७.०५)

संचालकांच्या परवानगीने जागेपुरतेच लिहितो. मोकळ्या जागेचा मूळ वापर बदलू पाहणारा कोणीही असो, रहिवाशांना त्याविरुद्ध दाद मागता येते. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली गेली होती. ते वाटप रद्द ठरवणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये कायम केला आणि परिसरातील रहिवाशांचा दाद मागण्याचा अधिकारही मान्य केला. म्हणून मंजूर ले-आउटच्या नकाशाची प्रमाणित प्रत प्रत्येक कॉलनीने काढून ठेवावी. भांडण सुरू झाल्यावर ती शोधायला गेले की फार उशीर झालेला असतो.

सिडकोवाल्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे नियमाचे उत्तर नाही. हक्क भूखंडधारकांचा आहे हे खरे. पण मुलांना हाकलण्यासाठी तो वापरावा असे कोणत्याही नकाशावर लिहिलेले मी पाहिलेले नाही.

कडुनिंब (शनिवार, संध्याकाळी ५.३०)

सर्वांचे आभार. चार दिवसांत जे झाले ते सांगते.

नकाशाच्या प्रतीसाठी अर्ज केला. वाळलेल्या झाडांचा अर्जही दिला आणि त्याची पोच घेतली. कॉलनीच्या नावाने नळजोडणी घेता येईल का याची चौकशी सुरू आहे. घरपट्टीधारक यांच्या आग्रहामुळे आधीच्या ‘निकाली’ तक्रारीवर छायाचित्रांसह पुन्हा तक्रार नोंदवली आहे, कारण स्वतः काम करायचे म्हणजे तक्रार सोडून द्यायची असे नाही, हे मला त्यांचे पटले.

काल काकांना फोन केला. पाण्याचे सगळे तुम्ही एकट्यानेच का सोसलेत, असे विचारले. ते म्हणाले, पहिल्या वर्षी ५० रुपये वर्गणी काढायची ठरली होती. त्या बैठकीत ५० की ३० यावर दोन तास भांडण झाले आणि तेवढ्यात संध्याकाळचे पाणी घालायचे राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गच्चीवरून पाइप सोडला आणि विषय मिटवला. विषय मिटवला ही आपली चूक झाली असावी, असेही ते म्हणाले. मग त्यांनी प्रत्येक झाडाची चौकशी केली. गेलेल्या चारांत त्यांचा आवडता करंज होता, तो मी सांगितला नाही. बहाव्याला फार पाणी घालू नका, एवढे त्यांनी तीनदा बजावले.

उरलेल्या २२ झाडांना आम्ही घरे वाटून दिली, साधारण चार घरांना एक झाड. भाडेकरूंची घरेही त्यात धरली आहेत आणि ग्रुपमध्ये त्यांची नावे आजच घातली. ८४ पैकी ३१ घरांनी होकार कळवला आहे, ११ जणांनी ‘बघू’ असे लिहिले आहे आणि बाकीच्यांनी संदेश वाचला आहे. उद्या सकाळी सात वाजता गवत उपटायला सुरुवात करायची आहे.

घरपट्टीधारक (शनिवार, संध्याकाळी ६.१२)

माझे मत कायम आहे, हे काम आपले नाही. मात्र पुन्हा नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक मला पाठवावा. तिचा पाठपुरावा मी करतो, कारण त्या कामात मला बऱ्यापैकी सराव झालेला आहे.

दुतोंड्या (शनिवार, संध्याकाळी ६.२०)

मी तुमच्या कॉलनीतला नाही, पण येतो. एक तोंड गवताकडे आणि दुसरे चहाकडे ठेवीन.

भाडेकरू (शनिवार, रात्री ८.४५)

ताई, मी जवळच्याच कॉलनीत राहतो. माझी रात्रपाळी सकाळी सातला सुटते, त्यामुळे साडेसातपर्यंत पोहोचेन. मुलीला आणले तर चालेल का? आणि खुरपे आणू की विळा?

कडुनिंब (शनिवार, रात्री ९.०२)

मुलीला जरूर आणा, पण गवतापासून लांब बसवू. खुरपे आणा, विळे आमच्याकडे दोन आहेत. हातमोजे मात्र प्रत्येकाने आपापले आणावेत.